नगाऱ्यात बुडालेलं शिंग

फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठावर एक गाव होतं. पावसाळ्यात नदी दोन्ही काठ भरून वाहायची आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात नुसती पांढरी वाळू उरायची. त्या वाळूत गावातली गरीब माणसं काकडीचे, टरबुजांचे वेल लावायची. जमीन कोणाच्याच मालकीची नव्हती. जो खपेल त्याचा मळा.

या मळ्यांना एकच भीती होती. वैशाखात दुपार कलली की डोंगरावर वळीव कोसळायचा. खाली गावात लख्ख ऊन असायचं, पानही हलत नसायचं, आणि वर कोसळलेलं पाणी मात्र दगडधोंडे घेऊन पात्रातून खाली धावत यायचं. नदीला गावाच्या वरच्या अंगाला मोठं वळण होतं. पाणी त्या वळणावर दिसेपर्यंत ते जवळजवळ अंगावरच आलेलं असायचं.

म्हणून गावाने फार पूर्वी एक सोय करून ठेवली होती. डोंगरावर मेंढ्या चारणाऱ्या धनगराजवळ एक शिंग असे. वर पाऊस सुरू झाला की त्याने शिंग फुंकायचं. ते ऐकलं की पात्रातल्या माणसांनी हातातलं काम टाकून काठावर यायचं. त्या काळी हे शिंग बिरू नावाच्या धनगराकडे होतं. तो कधी चुकला नव्हता आणि गावही कधी चुकलं नव्हतं.

याच गावात रुद्राप्पाशेट नावाचा एक व्यापारी राहायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. लहानपणी आईवडील गेले आणि तो मामाच्या घरी वाढला. त्या घरात जोराने हसायची सोय नव्हती. पाऊल वाजलं तरी मामा डोळे वटारायचा. मोठा झाल्यावर रुद्राप्पाने व्यापारात नाव काढलं, नदीकाठच्या उंचवट्यावर दोन मजली घर बांधलं, आणि मनाशी ठरवलं, की आता आपल्याला गप्प बस म्हणणारा या जगात कोणी नाही.

त्याला नातू झाला तेव्हा त्याने दूरच्या शहरातून एक भलामोठा नगारा आणला. बरोबर सनईवाला, ताशेवाले आणले. घराच्या गच्चीवर त्यांना बसवलं आणि दिवसभर वाजवायला लावलं. सगळं गाव जमलं. पोरं नाचली, बायकांनी पाळणा म्हटला, लाडू वाटले गेले. नातवाचा आनंद होता, कोणाला वाईट वाटायचं कारणच नव्हतं.

पण बारसं झालं, पाहुणे गेले, तरी नगारा काही खाली उतरला नाही. शेटना त्याची गोडी लागली. दुपारी जेवून ते गच्चीवर लोडाला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "हं, चालू द्या." मग ऊन उतरेपर्यंत नगारा घुमायचा. घराच्या भिंती थरथरायच्या. समोरच्या घरातलं तान्हं मूल दचकून रडायचं. शेजारचा आजारी म्हातारा डोक्यावर पांघरूण ओढून घ्यायचा. आणि खाली नदीच्या पात्रात, नेमकी ज्या वेळी डोंगराकडे कान लावून असायला हवं त्याच वेळी, माणसांना शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू यायची नाही.

पात्रात सिदू आणि त्याची बायको तुळसा यांचा मळा होता. त्यांच्या मळ्याला लागून हौसाक्काचा मळा होता. हौसाक्का म्हातारी होती, एकटी होती, पण कोणाच्या दारात बसून खाणारी नव्हती. एके दिवशी तुळसा म्हणाली, "आक्का, काल वर ढग आले होते. मी सारखी मान वर करून बघत होते. कामात लक्षच लागेना. उद्या बिरूदादानं शिंग फुंकलं आणि आपल्याला ऐकूच नाही आलं, तर?"

"तर काय? आपण शेटकडे जाऊ," हौसाक्का म्हणाली. "तोंड आहे ना आपल्याला."

तिघंही गेली. जाताना पाटलांच्या दारात थांबली आणि म्हणाली, "पाटील, तुम्ही बरोबर चला. तुमच्या शब्दाला वजन आहे."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. शेटनी देवळाला नुकताच नवा कळस चढवला होता, ते त्यांना आठवलं. "हे बघा," ते म्हणाले, "घर त्यांचं, गच्ची त्यांची, नगारा त्यांचा. मी मध्ये काय बोलणार? तुम्हीच बघा समजावून."

ओट्यावर आणखी चारजण बसले होते. त्यांनाही हौसाक्काने विचारलं. त्यांतला एकजण हसून म्हणाला, "आपला मळा नाही बाबा पात्रात. आपण कशाला वाईट व्हा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेटच्या लाडवांची चव अजून त्यांच्या तोंडात होती.

शेवटी तिघंच गच्चीवर गेली. शेटनी हाताने खूण करून वाजवणाऱ्यांना थांबवलं आणि विचारलं, "काय काम काढलंत?"

तुळसा पुढे झाली. "शेट, तुमच्या नगाऱ्याला आमची ना नाही. पहिल्या दिवशी तर मी डोक्यावर पाटी घेऊन ऐकत उभी राहिले होते. पण दुपारच्या वेळी डोंगरावर वळीव येतो. तुमच्या आवाजात आम्हाला शिंग ऐकू येत नाही. वळवाचे दिवस सरेपर्यंत तेवढं सकाळी वाजवा. नाहीतर ऊन उतरल्यावर वाजवा, आम्ही तेव्हा वर आलेलो असतो. रात्री वाजवलंत तरी आम्ही काही म्हणणार नाही."

शेटच्या कपाळाला आठी पडली. ती गप्प बस म्हणायला आली आहे, एवढंच त्यांना ऐकू आलं.

"मी कोणाच्या घरात येऊन वाजवतो का?" ते म्हणाले. "माझ्या गच्चीवर वाजवतो. माझ्या घरात मी कधी हसायचं, कधी वाजवायचं, हे आता गाव ठरवणार?"

"आवाज तुमच्या गच्चीवर राहिला असता तर आम्ही पायऱ्या चढून आलोच नसतो, शेट," तुळसा म्हणाली. "तो खाली आमच्यापर्यंत येतो."

"मग पात्रात उतरू नका. तिथे मळे लावा असं मी सांगितलं होतं का? तुम्ही तुमच्या मर्जीनं उतरता, मी माझ्या मर्जीनं वाजवतो. तुम्ही तुमचं सांभाळा, मी माझं सांभाळतो."

सिदूने हात जोडले. "शेट, पोटासाठी उतरतो हो. हौस म्हणून नाही."

"पुरे झालं," शेट म्हणाले आणि नगारेवाल्याकडे वळले. "हं, चालू द्या."

टिपरू नगाऱ्यावर पडलं. हौसाक्का काहीतरी बोलली, पण ती काय बोलली ते तिलाही ऐकू आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली. गावावर रणरणतं ऊन होतं. डोंगराच्या माथ्यावर मात्र काळंभोर आभाळ उतरलं. बिरूने मेंढ्या एका कपारीत घातल्या, शिंग तोंडाला लावलं आणि छाती फुटेस्तोवर फुंकलं. खाली बघितलं तर पात्रात बायका वाकून काकड्या तोडत होत्या. कोणी मान वर केली नाही. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा फुंकलं. त्याच्या ओठांतून रक्त आलं. मग त्याने शिंग कमरेला खोचलं, घोंगडी सोडली आणि ती हवेत फिरवत, ओरडत, ठेचकाळत तो डोंगर उतरायला लागला. पण धावणारा माणूस पाण्याला कसा गाठणार?

गच्चीवर नगारा ऐन रंगात आला होता.

सिदू काठावर गाडीत टरबुजं भरत होता. त्याच्या बैलांनी एकदम कान टवकारले आणि ते मागे सरायला लागले. सिदूने वळणाकडे बघितलं. मातकट पाण्याची भिंतच्या भिंत वळून येत होती. तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्याला त्याचा स्वतःचाच आवाज नगाऱ्यात ऐकू येईना. तो काठाच्या टोकाला जाऊन उड्या मारायला लागला, तेव्हा एकीने त्याला बघितलं आणि मग सगळ्या पाट्या टाकून पळत सुटल्या.

तुळसा तरुण होती. ती सहज पोचली असती. पण हौसाक्काला वाळूत पळवेना. तुळसा मागे फिरली. म्हातारीच्या काखेत हात घालून तिने तिला अक्षरशः उचलत आणलं. काठाशी आल्यावर तिला वर ढकललं. सिदूने हौसाक्काचा हात धरून तिला ओढून घेतलं आणि लगेच दुसरा हात बायकोसाठी खाली केला. तेवढ्यात तुळसाच्या पायाखालची वाळू सुटली. बोटाला बोट लागलं आणि निसटलं.

काठावर गाव गोळा झालं. बायका छाती पिटून रडत होत्या, माणसं पाण्याच्या कडेनं धावत होती, आणि वर गच्चीवर नगारा वाजतच होता. कोणीतरी धावत जाऊन नगारेवाल्याच्या हातातलं टिपरू हिसकावून घेतलं, तेव्हा कुठे तो थांबला. शेट लोडाला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि रागाने विचारलं, "कोणी थांबवायला सांगितलं?"

तुळसा दुसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ बाभळीच्या झुडपात सापडली.

तिचं सगळं उरकल्यावर देवळासमोर गाव बसलं. शेटही आले. त्यांचा चेहरा उतरला होता, हे खोटं नाही. पण सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्यावर ते म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. पण पाणी मी आणलं का? मी कोणाला ढकललं का? मी माझ्या घरात होतो."

हौसाक्का काठी टेकत उठली. अजून तिच्या दंडावर तुळसाच्या बोटांचे वळ होते.

"रुद्राप्पा," ती म्हणाली. आजवर ती त्यांना शेट म्हणत आली होती, अहोजाहो करत आली होती. "तू पाणी आणलं नाहीस. पण पाणी येतंय असं सांगणारा एक आवाज होता, तो तू झाकलास. आम्ही तुझ्याकडे काय मागितलं होतं? तुझं घर मागितलं होतं? तुझा नगारा फोड म्हणालो होतो? दुपारची चार घटका शांतता मागितली होती. ती लेक तुझ्यासमोर उभी राहून सांगत होती, की शिंग ऐकू येत नाही. तुला माहीत होतं! माहीत नसतं तर तुला मी माफ केलं असतं."

शेटनी मान खाली घातली. आता गर्दी उसळली. कालपर्यंत ओट्यावर बसून हसणारेच सगळ्यांत पुढे होते. काही पोरं गच्चीवर धावली आणि त्यांनी नगारा खाली ढकलून दिला. पाटील उभे राहिले. आज त्यांच्या आवाजाला भलताच जोर आला होता.

"आजपासून या गावात कोणतंही वाद्य वाजणार नाही!" ते गरजले. "लग्नात सनई नाही, देवळात ढोलकी नाही. बैलाच्या गळ्यात घुंगूर नाही. जात्यावर बसून बाईनं ओवी म्हटली तरी दंड होईल!"

"बरोबर! बरोबर!" लोक ओरडले.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला सिदू उठला. त्याचे डोळे सुजले होते. लोकांना वाटलं, आता हा शेटवर धावून जाणार. पण तो पाटलांसमोर जाऊन उभा राहिला.

"पाटील, तुळसा मळ्यात गाणं म्हणायची," तो म्हणाला. "वेलीला पाणी घालताना म्हणायची, काकड्या तोडताना म्हणायची. तिच्या नावानं तुम्ही गाण्यावर बंदी घालताय?"

पाटील गडबडले. "अरे, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी?" सिदूचा आवाज चढला. "माझ्यासाठी तुम्ही त्या दिवशी चार पायऱ्या चढायला हव्या होत्या! तेव्हा एका माणसाला दोन शब्द सांगायची हिंमत झाली नाही तुमची. आणि आज सगळ्या गावाची तोंडं बांधायला निघालात? आणि तुम्ही रे, ओट्यावरचे! तुमचा मळा नव्हता ना पात्रात? मग आज कशाला ओरडताय? शेटला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं, तसं तुम्हालाही येत नव्हतं. त्याच्याजवळ निदान नगारा होता. तुमच्या कानांत काय होतं?"

ज्यांनी ‘बरोबर’ म्हटलं होतं ते जमिनीकडे बघायला लागले.

"ज्याला वाजवायचं आहे त्यानं वाजवावं, ज्याला गायचं आहे त्यानं गावं," सिदू पुढे म्हणाला. "फक्त वळवाच्या दिवसांत दुपारी नाही. एवढंच तिनं मागितलं होतं, एवढंच मी मागतो. आणि शेटला मला दंड करायचा नाही. वळीव संपेपर्यंत त्यांनी रोज दुपारी पात्रात यायचं. तुळसाच्या जागी काम करायचं. मान खाली घालून, डोंगराकडे न बघता."

शेट चमकले. "मी? पात्रात?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "आणि पाणी आलं तर?"

मागे बायकांत शेटची बायको नातवाला कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत, तर मी जाईन."

दुसऱ्या दिवसापासून शेट पात्रात उतरले. पाण्याने बरेच वेल नेले होते. उरलेल्या वेलांना आळी करायची, वाळू सारखी करायची. पहिले एकदोन दिवस ते घुश्शातच होते. मग एका दुपारी उजेड जरा मंदावला. डोंगरावर ढग आले असणार, हे त्यांना कळलं. पण डोकं वर करायचं नव्हतं. हात मातीत होते आणि सगळा जीव कानांत गोळा झाला होता. पारव्यांचा थवा फडफडत उडाला तरी त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. कोणीतरी घमेलं आपटलं तर ते दचकून उठले. बाजूला हौसाक्का शांतपणे वेल सरळ करत होती. इतकी वर्षं ही माणसं असं ऐकत ऐकत काम करतात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी घरी गेल्यावर ते जेवले नाहीत.

वळवाचे दिवस सरत आले होते. एका दुपारी काठावरच्या वाटेने परगावचं एक वऱ्हाड आलं. नवरदेव घोड्यावर होता, पुढे ताशे कडाडत होते. त्या बिचाऱ्यांना इथलं काही माहीत नव्हतं. ताशाचा आवाज पात्रात घुमला आणि शेटना दुसरं काहीही ऐकू येईनासं झालं. हातातलं खुरपं टाकून ते वाळूतून धावत सुटले. धोतर वेलीत अडकून ते पडले, उठले, चढण चढून वर आले आणि ताशेवाल्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांबवा!" ते ओरडले. "बाबांनो, पाया पडतो, थांबवा! खाली माणसं आहेत. डोंगरावर शिंग वाजलं तर त्यांना ऐकू येणार नाही. पाणी येतं हो, पाणी!"

वऱ्हाड थबकलं. मातीने माखलेला, धापा टाकणारा हा माणूस कोण, हे त्यांना कळेना. ताशेवाल्याने खाली पात्रात वाकलेल्या बायकांकडे बघितलं, वर डोंगराकडे बघितलं.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मग तसं सांगायचं. त्या टेकाडापलीकडे गेल्यावर वाजवू आम्ही."

त्याने ताशाच्या काड्या कमरेला खोचल्या. वऱ्हाड हसत बोलत, पायांचा आवाज करत पुढे निघून गेलं. नवरदेवाचं काही बिघडलं नाही. लग्नाचा आनंद तसूभरही कमी झाला नाही.

शेट तिथेच वाटेच्या कडेला मटकन बसले. अनोळखी माणसाने एका शब्दात दिलेली ती गोष्ट होती. तीच गोष्ट तुळसा गच्चीवर येऊन मागत होती. इतकी छोटी. इतकी फुकट. दोन्ही हातांत तोंड खुपसून ते हमसून हमसून रडायला लागले.

सिदू मळ्यातून हे सगळं बघत होता. तो त्यांचं सांत्वन करायला गेला नाही. त्यांना पाणी दे, असं त्याने हौसाक्काला खुणेने सांगितलं आणि तो पुन्हा खाली वाकून वेलींना माती लावायला लागला. त्याने शेटना माफ केलं की नाही, ते गावाला कधीच कळलं नाही, आणि तसं विचारायचा हक्क गावाला नव्हताही.

या गोष्टीचं तात्पर्य: आपल्या घरात आपण मनासारखं जगावं, तो प्रत्येकाचा हक्कच आहे, पण आपल्या मनासारख्या जगण्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतोय असं कोणी दारात येऊन सांगत असेल, तर ते ऐकून घेण्यातच माणूसपण आहे. आणि ते ऐकूनही जो ऐकत नाही तो जितका दोषी, तितकेच ओट्यावर बसून गप्प राहणारेही दोषी.